‘तापल्यावर’ आणि ‘तापल्याने’ : दीर्घकाळ चाललेल्या संगणकाच्या दोषनिदानाचा इतिहास

घरगुती संगणकाविषयीच्या तक्रारींत एक तक्रार अशी आहे की, यंत्रांच्या इतक्या पिढ्या बदलल्या तरी तिचे स्वरूप फारसे बदललेले नाही. यंत्र सकाळी नीट सुरू होते, दोन-तीन तास निर्वेध चालते आणि मग एकाएकी पडदा गोठतो, अक्षरे विस्कटतात किंवा यंत्र आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होते. अर्धा तास बंद ठेवले की ते पूर्ववत चालू लागते. दुरुस्तीसाठी नेले तर तेथे ते निर्दोष ठरते, कारण तेथे ते दहा-पंधरा मिनिटेच चालवून पाहिले जाते. आपल्याकडे ही तक्रार बहुधा ‘तापल्यावर बंद पडतो’ अशा शब्दांत मांडली जाते. आणि बोलता बोलता, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात, तीच ‘तापल्याने बंद पडतो’ अशी होते. व्याकरणाच्या दृष्टीने ही दोन विधाने भिन्न आहेत. ‘तापल्यावर’ हे रूप केवळ पौर्वापर्य सांगते. ‘तापल्याने’ यातील तृतीया कारण सांगते. तक्रार करणारा पहिल्या रूपावरून दुसऱ्या रूपावर सहज घसरतो, आणि ऐकणाराही त्याला अडवीत नाही.

संगणकाच्या दोषनिदानाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता या घसरणीची किंमत वेळोवेळी मोजावी लागलेली दिसते. ‘काही तासांनी’ या शब्दांत निदान तीन निरनिराळे काळ दडलेले असतात. एक काळ उष्णतेचा: यंत्राचे भाग हळूहळू तापत जातात. दुसरा साठ्याचा: यंत्राच्या आत कसली तरी मोजणी किंवा शिल्लक तासागणिक वाढत जाते. तिसरा निव्वळ यदृच्छेचा: जितके तास अधिक, तितकी एखादी विरळ घटना घडण्याची शक्यता अधिक. बाहेरून तिन्हींचे लक्षण एकच दिसते. हे तीन काळ एकमेकांपासून कसे वेगळे ओळखले गेले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभ एनिॲकपासून करणे सोयीचे. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जाहीर झालेल्या या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. आपल्याकडे रेडिओच्या काळात यांनाच ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. यंत्राला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे, आणि तिचे रूपांतर अखेर उष्णतेतच होई. अशा यंत्राचा शत्रू उष्णता हाच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र नळ्या निकामी होण्याचे बहुतेक प्रकार यंत्र तापत असताना किंवा निवत असताना घडत. एकदा तापून स्थिर झालेले यंत्र त्या मानाने विश्वासू असे. तंतू आणि कॅथोड यांवर खरा ताण येई तो प्रसरण-आकुंचनाच्या वेळी. म्हणून यंत्र शक्यतो बंदच न करण्याचा प्रघात पडला. पुढे नळी निकामी होण्याचे प्रमाण दोन दिवसांत एक इतके खाली आले, आणि १९५४ मध्ये हे यंत्र सलग ११६ तास बिघाडाविना चालले. पौर्वापर्य आणि कारण यांची गल्लत करणाऱ्याला हे पहिले उत्तर म्हणता येईल. येथे दोष उष्णतेचा नव्हता, उष्णतेतील बदलाचा होता. आणि ‘थोडा वेळ बंद ठेवा’ हा उपाय या यंत्राच्या बाबतीत अपायच ठरला असता.

याच सुमाराची एक घटना सर्वश्रुत आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ‘बग’ हा शब्द येथूनच निघाला, ही समजूत मात्र टिकणारी नाही. नोंद करणाऱ्याने, खराखुरा बग सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाचे शब्द लिहिले आहेत. ‘खराखुरा’ म्हणण्यात मौज वाटावी यासाठी तो शब्द लाक्षणिक अर्थाने आधीच रूढ असावा लागतो. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात तो यंत्रातील अडचणीच्या अर्थाने आलेलाही आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्यातील रूपकाला. किडा म्हटला की त्याला अस्तित्व आले, ठिकाण आले. शोधला की तो सापडणार आणि चिमट्याने काढून टाकता येणार. तापलेल्या यंत्रातील दोष असा नसतो. यंत्र निवले की तो कोठेच नसतो. आपला ‘दोष’ हा शब्द येथे अधिक नेमका बसतो असे मला वाटते. वैद्यकातील दोष ही शरीरात शिरलेली परकी वस्तू नव्हे. जे आहे त्याचेच प्रमाण बिघडणे म्हणजे दोष. अर्थात इंग्रजी शब्द आता जगभर रुळला आहे, आणि शब्दाच्या व्युत्पत्तीवरून दुरुस्ती करणाराचे वर्तन ठरते असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही.

दोष ठिकाणावर सापडत नसेल तर तो प्रकट व्हावा अशी परिस्थिती निर्माण करावी, ही कल्पना पद्धतशीरपणे अमलात आली ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील व्हर्लविंड या यंत्रावर, १९५० च्या आसपास. जे फॉरेस्टर आणि त्यांचे सहकारी चाचणीच्या वेळी यंत्राच्या निरनिराळ्या विभागांचा विद्युतदाब मुद्दाम कमी-अधिक करीत. धडधाकट नळी हा फरक सोसे; जी उद्या-परवा निकामी होणार, ती आजच चुकीचे उत्तर देई आणि काम सुरू होण्यापूर्वीच बदलली जाई. या सीमा-तपासणीचे मर्म असे की, बिघाड होईपर्यंत तास मोजीत बसण्याऐवजी त्या तासांच्या अखेरची अवस्था हाताने आधीच आणायची. पुढील सर्व चाचण्यांचे बीज यात आहे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः रचलेला आणि बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तोही सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचा, म्हणजे याच कुळातला होता. (हा संगणक घडविणाऱ्या गटाचे प्रमुख रं. नरसिंहन पुढे भाषिक वर्तनाच्या अभ्यासाकडे वळले, ही गोष्ट आमच्या विषयातील विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे.) या पिढीच्या यंत्रांचे एक वैशिष्ट्य दोषनिदानाच्या दृष्टीने निर्णायक होते. यंत्र ज्यांनी बांधले तेच ते चालवीत आणि तेच दुरुस्त करीत. तक्रार करणारा आणि निदान करणारा एकच असल्यामुळे ‘तापल्यावर’चे ‘तापल्याने’ होण्यास वावच कमी होता.

हा एकोपा मोडला तो संगणक घरात आल्यावर. आता यंत्र बंद पेटीत होते, आणि वापरणाऱ्याच्या हाती लक्षणांखेरीज काही नव्हते. या काळाचे बोलके उदाहरण म्हणजे १९८० चा ॲपल-३. या यंत्रात पंखा नव्हता. ॲल्युमिनियमच्या जाड ओतीव तळानेच उष्णता बाहेर जावी अशी योजना होती. यंत्रे बाजारात आल्यावर काही काळाने बेभरवशाची होऊ लागली, आणि आतील चिपा आपल्या खोबणीतून सैल होत असल्याचे आढळले. त्यावर सांगितलेला एक उपाय असा होता की, यंत्र काही इंच उचलावे आणि टेबलावर सोडून द्यावे, म्हणजे चिपा पुन्हा खोबणीत बसतील. उपायाला हसणे सोपे आहे. पण त्यामागील तर्क चुकीचा नव्हता. चिपा का सैल होतात, याविषयी मात्र एकमत नाही. रूढ कथा पंख्याच्या अभावाला आणि उष्णतेमुळे होणाऱ्या प्रसरणाला दोष देते. पेटीचे रचनाकार जेरी मॅनॉक यांनी, पेटी उष्णता व्यवस्थित बाहेर टाकीत होती आणि दोष आतील मंडलपट्टाचा होता, अशी बाजू मांडली आहे. पंखा नसल्याची कथा अधिक प्रसिद्ध झाली, कारण तीत एक हट्टी माणूस आहे. मंडलपट्टाच्या कथेत तसे कोणी नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावरून निवाडा देऊ नये. उष्णतेचा काहीच संबंध नसताना यंत्र मध्येच दगा देऊ शकते, हे लगतच्याच वर्षी ब्रिटनमधील झेडएक्स-८१ या स्वस्त संगणकाने दाखवून दिले. त्याच्या पाठीशी जोडायचा मेमरीचा ठोकळा नुसता हलला तरी जोड क्षणभर सुटे आणि तासाभराचे टंकलेखन वाया जाई. लोकांनी तो चिकटपट्टीने बांधून ठेवला.

तिसरा काळ, म्हणजे यदृच्छेचा, याच सुमारास उजेडात आला. १९७८ मध्ये इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी असे दाखविले की, मेमरीच्या चिपांतील काही चुका कोणत्याही भागाच्या बिघाडामुळे होत नाहीत. चिपेवरील सिरॅमिक आवरणात किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यातून निघालेला एखादा अल्फा-कण मेमरीच्या एका घरातील विद्युतभार पुसून टाकतो, आणि एकाचे शून्य किंवा शून्याचे एक होते. चिप धडधाकटच राहते. तीच चूक त्याच जागी पुन्हा होत नाही. अशा वेळी ‘चार तासांनी बंद पडला’ या विधानातील चार हा आकडा निरर्थक असतो. तो उद्या चाळीस असेल, परवा पाच मिनिटे. जुगारात हरलेला माणूस ज्याप्रमाणे हरण्यापूर्वीच्या शकुनांत कारण शोधतो, त्याप्रमाणे येथे यंत्राचा मालक तापमानात कारण शोधीत राहतो.

दुसऱ्या काळाकडे, म्हणजे साठ्याकडे, वळण्यापूर्वी ‘बंद करून पुन्हा सुरू करणे’ या सर्वमान्य उपायाचा विचार केला पाहिजे. हा उपाय एकाच वेळी दोन गोष्टी करतो: यंत्र निववितो आणि यंत्राला सारे विसरायला लावतो. पहिल्याने उष्णतेचा काळ शून्यावर येतो, दुसऱ्याने साठ्याचा. म्हणून या उपायाने गुण आला, एवढ्यावरून रोग कोणता ते कळत नाही. ही दोन कार्ये वेगळी करण्याचे साधन घरगुती वापरकर्त्याच्या हाती १९८१ पासून होते. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात डेव्हिड ब्रॅडली यांनी तीन कळा एकत्र दाबून, वीज न तोडता, यंत्र नव्याने सुरू करण्याची सोय केली होती. अशा रीतीने तापलेले यंत्र तापलेलेच ठेवून केवळ त्याची स्मृती पुसता येई. यानंतर ते पुन्हा कित्येक तास नीट चालले तर संशय साठ्यावर; लगेच पुन्हा कोसळले तर उष्णतेवर. याच्या उलट, दुरुस्ती करणारे कारागीर केस वाळविण्याच्या यंत्राने एखादाच भाग तापवून किंवा गारवा देणारा फवारा मारून एखादाच भाग निववून पाहत. त्यात स्मृती शाबूत राही आणि उष्णता तेवढी बदले. दोन्ही साधने स्वस्त आणि उपलब्ध असताना बहुतेकांनी वीज तोडण्याचाच मार्ग धरला, कारण त्याने काम भागत होते. काम भागले की कारण विचारण्याची निकड उरत नाही.

ती निकड किती खरी असते, याचे उदाहरण घरगुती संगणकाच्या कक्षेबाहेरचे आहे. पण लक्षण अगदी तेच असल्यामुळे ते येथे विस्ताराने देणे आवश्यक वाटते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथील पॅट्रियट क्षेपणास्त्र-केंद्राला येणारे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही, आणि ते सैनिकांच्या निवासावर पडून २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. केंद्राचा संगणक तेव्हा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होता. तो तापला नव्हता. त्याचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात काळ मोजी, आणि एकदशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहिताना तीनामागून तीन येतच राहतात, त्यासारखाच हा प्रकार. २४ अंकांत बसविण्यासाठी त्याचे शेपूट तोडले होते. एका मोजणीत पडणारा फरक सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही किंचित कमी होता. शंभर तासांत अशा छत्तीस लाख मोजण्या होतात, आणि फरक ०.३४ सेकंदापर्यंत जातो. तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडते. यंत्र आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिले.

भाषेच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून असे दिसते की, आठ तास सलग चालल्यावर यंत्राची नजर लक्षणीय प्रमाणात सरकते, ही माहिती इस्राएली सैन्याने ११ फेब्रुवारीलाच कळविली होती. २१ फेब्रुवारीला केंद्रांना इशाराही गेला. त्यात यंत्र फार दीर्घकाळ चालविल्यास अडचण येऊ शकते असे म्हटले होते. ‘फार दीर्घकाळ’ म्हणजे किती तास, ते सांगितलेले नव्हते. कोणी इतका वेळ यंत्र सलग चालवील असे इशारा देणाऱ्यांना वाटले नाही. आपण चालवितो आहोत तो वेळ ‘फार’ आहे, असे चालविणाऱ्यांना वाटले नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला मिनिट-दीड मिनिट पुरले असते, आणि घड्याळ शून्यावर आले असते. सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला २६ फेब्रुवारीला पोहोचला.

घरगुती यंत्रांत अशा मोजणीची सौम्य उदाहरणे पुष्कळ आहेत. विंडोज-९५ आणि ९८ या प्रणालींतील एक मोजणी मिलिसेकंदांत चाले आणि तिला ३२ द्विमान अंकांची जागा होती. ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद झाले की, म्हणजे सुमारे ४९.७ दिवसांनी, ती शून्यावर येई आणि यंत्र गोठू शके. हा दोष १९९९ च्या सुमारास जाहीर झाला. या प्रणाली त्यापूर्वी सहसा इतके दिवस न कोसळता चालतच नसत, म्हणून तो चार वर्षे लपून राहिला, हा विनोद त्या काळी झाला तो अगदीच निराधार नव्हता. अधिक नित्याचा प्रकार म्हणजे प्रोग्रॅमने मागून घेतलेली आणि परत न केलेली मेमरी. ती तासागणिक साचत जाते आणि संध्याकाळपर्यंत यंत्र गुदमरते. १९८५ मध्ये टँडम कंपनीतील जिम ग्रे यांनी, दरवेळी तसाच दिसणारा दोष आणि तपासायला गेले की नाहीसा होणारा दोष, यांना अनुक्रमे बोर आणि हायझेनबर्ग या भौतिकीज्ञांची नावे जोडली. १९९५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी, प्रोग्रॅम म्हातारा होण्यापूर्वीच तो ठरावीक काळाने नव्याने सुरू करावा असे सुचविले. त्या योजनेसाठी त्यांनी योजलेल्या शब्दाला आपला ‘कायाकल्प’ हा शब्द तंतोतंत जुळतो.

व्हर्लविंडची सीमा-तपासणी घराघरांत पोहोचली ती मात्र अनपेक्षित मार्गाने. जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन-मूळसंख्यांच्या शोधासाठी, हजारो लोकांचे घरगुती संगणक रिकाम्या वेळात वापरणारी योजना सुरू केली. एकेका संख्येची परीक्षा कित्येक दिवस चाले, आणि वाटेत एका अंकाची चूक झाली तरी सारे श्रम व्यर्थ. म्हणून प्रोग्रॅममध्ये आत्मपरीक्षणाची सोय होती: उत्तर आधीच माहीत असलेली गणिते यंत्राकडून पूर्ण वेगाने करवून घ्यायची आणि जुळवून पाहायची. जी यंत्रे मालकांच्या मते ठणठणीत होती, त्यांतली काही यात चुकली. बंद पडण्याच्या कितीतरी आधी यंत्र गुपचूप चुकीची उत्तरे देऊ शकते, हे या गणिताने सामान्य माणसाला दाखवून दिले. संख्येवर आधारलेले काम घरच्या संगणकावर करणाऱ्या संशोधकाने, मग ते शब्दांच्या वारंवारतेचे का असेना, ही गोष्ट नजरेआड करू नये. मूळसंख्यांच्या योजनेत प्रत्येक नकारात्मक निष्कर्षही दुसऱ्या यंत्रावर पडताळला जाई तो याचसाठी.

शेवटी उष्णतेच्या काळाविषयी दोन गोष्टी, कारण एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचेही लक्षण पालटले. १९९९ पासूनच्या काही वर्षांत तयार झालेल्या असंख्य मंडलपट्टांवरील विद्युत-धारित्रे, ज्यांना कारागीर ‘कपॅसिटर’ म्हणतात, आतील द्रवाच्या सदोष मिश्रणामुळे फुगून निकामी होऊ लागली. अशा धारित्राचे आयुष्य तापमानात १० अंशांची वाढ झाली की ढोबळमानाने निम्मे होते. म्हणजे उष्णता त्याला मारते खरी, पण वर्षांच्या हिशेबाने. आणि मरणपंथाला लागलेले धारित्र थंडीत अधिक वाईट चालते. त्यामुळे असे यंत्र हिवाळ्यातील सकाळी तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू होते आणि एकदा तापले की दिवसभर चालते. ज्याला पंखा बसविण्याचा सल्ला मिळाला असेल, त्याचे यंत्र त्या सल्ल्याने सुधारेलच असे नाही.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. २००० मध्ये आलेल्या पेंटियम-४ मध्ये तापमान वाढले की आपला वेग आपणच कमी करण्याची योजना होती. तापमान त्याहूनही वाढले तर यंत्र स्वतःला बंद करी. २००१ मध्ये एका तुलनेत उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा चालू यंत्रावरून काढून दाखविला गेला, तेव्हा पेंटियम-४ मंदावून चालत राहिला आणि प्रतिस्पर्धी ॲथलॉन काही क्षणांत जळून गेला. पुढे हे संरक्षण सर्वत्र आले. तेव्हापासून तापलेल्या प्रोसेसरचे लक्षण बहुधा संथपणा हे आहे. पडदा गोठणे, अक्षरे विस्कटणे यांसाठी संशयित दुसरीकडे, मेमरीत, वीजपुरवठ्यात किंवा प्रोग्रॅममध्ये शोधावे लागतात. यंत्र आता आपले तापमान आकड्यांत सांगते, आणि तो आकडा मर्यादेत दिसला की उष्णतेचा संशय सोडून दिला जातो. पण तो आकडा मुख्यतः प्रोसेसरच्या पोटातला असतो. शेजारी चार बोटांवर, वीज पुरविणाऱ्या भागांजवळ, जेथे पंख्याचा वारा पोहोचत नाही, तेथे तापमापक असेलच असे नाही. तेथे गारवा देणारा फवारा अजूनही उपयोगी पडतो.